विंडोज बदललं, आता मिक्सिंग कशावर?

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि मिक्सिंगच्या, म्हणजे व्हिडिओ एडिटिंगच्या, मशीनला हात लावायची वेळ आली. लग्नाच्या कामावर चालणाऱ्या मिक्सिंग-रूमचा रिवाज ठरलेला असतो: मशीन चालतंय तोवर हलवायचं नाही, अपडेट करायचं नाही, नेटला जोडायचं नाही. त्यामुळे बदल येतो तेव्हा सगळा एकदम येतो. नवं विंडोज, न उघडणारं जुनं सॉफ्टवेअर, न दिसणारे फॉन्ट आणि आवाज नसलेलं फुटेज. सांगलीतल्या आमच्या मशीनवर हे सगळं कसं निस्तरलं ते इथे लिहितो आहोत. मत आधीच सांगून टाकतो: पर्यायी सॉफ्टवेअर इफेक्टची यादी बघून निवडू नका. आपलं फुटेज कुठल्या कोडेकचं (चित्र-आवाज दाबून साठवायच्या पद्धतीचं) आहे, जुन्या प्रोजेक्टमधलं किती परत लागणार आहे आणि मराठी टायटल नीट उमटतात का, या तीन गोष्टींवरच निवड ठरते.

वेळ कोणती, हा पहिला प्रश्न. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की मशीनला हात लावायचा नाही. चातुर्मास त्यासाठी बरा. त्यातही गणपतीच्या आधीचा काळ, कारण मंडळांची कामं आली की परत तीच घाई. तोवर थांबायचं असेल तर विंडोज १० ला घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. पण तेवढ्यात आवराआवर करायची आहे, हे धरूनच ते घ्यावेत.

मशीन विंडोज ११ ला चालतं का हे ‘पीसी हेल्थ चेक’ सांगतं. इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (खात्रीचीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय), या तीन अटींवर बहुतेक गाड्या अडतात. टीपीएम नाही असं दिसलं तरी लगेच मदरबोर्ड बदलायला धावू नका. बऱ्याच बोर्डांत तो असतो, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतो. इंटेलच्या बोर्डावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने शोधायचा. प्रोसेसरच चौथ्या-पाचव्या पिढीचा असेल तर मात्र लिनक्सचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या प्रणालीचा) विचार करावा. तो पुढे येतोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चालू डिस्कवर अपग्रेड मारायचाच नाही. नवी एसएसडी घ्यायची (५०० जीबी पुरते, फुटेज वेगळ्या डिस्कवर असतं), जुनी काढून तिच्यावर तारीख लिहून बाजूला ठेवायची आणि नवीवर कोरं विंडोज टाकायचं. जुनं प्रोजेक्ट उघडायची वेळ आली की जुनी डिस्क त्याच मशीनला लावली, काम झालं, काढली. यात एक खाच आहे. जुनं विंडोज लेगसी (जुन्या बायोसच्या) पद्धतीने बसवलेलं असेल तर सिक्युअर बूट चालू असताना ते उठतच नाही. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करून ‘सीएसएम’ (जुन्या पद्धतीने सुरू करायची सोय) चालू करावं लागतं. त्याआधी नव्या विंडोजची बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोरी टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की अनेक मशीनवर हे कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, आपोआप चालू होतं, आणि बायोसमधला हा बदल झाला की पुढच्या वेळी ते की मागू शकतं. की नसेल तर डिस्क गेली. जुनी डिस्क लावलेली असताना नेटची वायर काढून ठेवायची. आणि कृष्णेच्या काठच्यांनी बॅकअपच्या डिस्क तळमजल्यावर ठेवू नयेत, हे २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर वेगळं सांगायला नको.

डोंगलवाल्या (लायसन्सची किल्ली मशीनला लावावी लागते अशा) सॉफ्टवेअरचं दुखणं निराळं. विंडोज ११ मध्ये ‘कोअर आयसोलेशन’खालचं ‘मेमरी इंटिग्रिटी’ चालू असेल तर कित्येक जुने ड्रायव्हर लोडच होत नाहीत. डोंगलचा दिवा लागतो, पण सॉफ्टवेअर म्हणतं डोंगल सापडत नाही. ते सेटिंग बंद केलं की चालू शकतं. मात्र नेटला जोडलेल्या रोजच्या मशीनवर हा इलाज कायमचा करू नये. जुन्यातला माल बाहेर काढण्यापुरतं ठीक.

माल बाहेर काढणं म्हणजे काय, तर जुन्या डिस्कवर बसून प्रत्येक उघड्या प्रोजेक्टमधून चार गोष्टी काढायच्या. एक, पूर्ण टाइमलाइनची उत्तम दर्जाची मास्टर फाइल. शक्य असेल तर दोन: एक टायटलसकट, एक टायटलचे ट्रॅक बंद करून. नाव चुकलं म्हणून पार्टी परत आली तर दुसरी फाइल कामाला येते. दोन, एएएफ किंवा ईडीएल, म्हणजे टाइमलाइनवरचे कट दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारी फाइल. ईडीएलमध्ये व्हिडिओचा एक ट्रॅक, कट आणि डिझॉल्व्ह एवढंच धड जातं. एएएफमध्ये जास्त ट्रॅक जातात. दोन्हींत इफेक्ट, कलर आणि टायटल येतील अशी आशा ठेवू नये. तीन, वापरलेले सगळे फॉन्ट. चार, टायटलमधला मजकूर. प्लगिनचं लायसन्स ऑनलाइन असेल तर जुन्या मशीनवर ते आधी डीॲक्टिव्हेट करा. फॉरमॅट झाल्यावर ते सोडवून घ्यायला नुसते ईमेल लिहीत बसावं लागतं.

मास्टर कुठल्या कोडेकमध्ये काढायची? एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम केलेल्यांच्या डिस्कवर कॅनोपस एचक्यू आणि एचक्यूएक्सच्या एव्हीआय फाइल पडलेल्या असतात. त्या वाया जात नाहीत. एफएफएमपेग हे फाइल वाचणारं साधन दोन्ही कोडेक वाचतं, म्हणून त्यावर उभी असलेली केडेनलाइव्ह आणि शॉटकट ही एडिटिंग सॉफ्टवेअर त्या थेट उघडतात. इतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालावं असं हवं असेल तर ‘शटर एन्कोडर’ या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून डीएनएक्सएचआर (एडिटिंगसाठीचा कोडेक) करून घ्या. जागेचा हिशेब आधी करा: १०८०, २५ फ्रेमला डीएनएक्सएचआर एचक्यू सेकंदाला साधारण १८५ मेगाबिट खातं, म्हणजे तासाला ८३ जीबीच्या आसपास. एसक्यू हा त्याचाच खालचा दर्जा घेतला तर तासाला ५४ जीबी. लग्नाच्या मास्टरला एसक्यू पुरतं. पुढे कलर करायचा असेल तरच एचक्यू.

नव्या विंडोजवर पहिला धक्का बसतो तो जुन्या हँडीकॅमच्या एव्हीसीएचडी फुटेजचा. क्लिप येते, चित्र दिसतं, आणि टाइमलाइनवर ऑडिओचा ट्रॅकच नसतो. माणूस केबल बघतो, स्पीकर बघतो, कार्ड खराब झालं म्हणतो. कारण वेगळंच असतं. या कॅमेऱ्यांच्या एमटीएस फाइलमधला आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ मध्ये असतो, आणि विंडोज ११ च्या २४एच२ पासून कोऱ्या इन्स्टॉलेशनमध्ये एसी-३ चा डिकोडर येत नाही. जे सॉफ्टवेअर आवाजासाठी विंडोजच्या डिकोडरवर अवलंबून असतं ते गप्प बसतं. जुन्या विंडोजवरून वर चढवलेल्या शेजारच्या मशीनवर तीच क्लिप बोलते, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. ओळखायची सोपी पद्धत: तीच फाइल व्हीएलसीमध्ये लावा. व्हीएलसीचा डिकोडर स्वतःचा आहे. तिथे आवाज आला म्हणजे फाइल शाबूत आहे.

इलाजही सोपा. शटर एन्कोडरमध्ये चित्र जसंच्या तसं ठेवायचं, फक्त आवाज पीसीएम (न दाबलेला) करायचा आणि एमओव्ही फाइलमध्ये भरायचं. चित्र परत एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा तोच राहतो आणि वेळ जवळपास कॉपी करण्याइतकाच लागतो. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ पीसीएममुळे तासाला ०.७ जीबी वाढतात, एवढंच. केडेनलाइव्ह किंवा शॉटकट वापरणार असाल तर हेही करायची गरज नाही, कारण एसी-३ त्यांना स्वतःला येतं.

याच कॅमेऱ्यांची दुसरी खोड म्हणजे लांब रेकॉर्डिंगचे तुकडे. सलग शूट केलेला विधी कार्डावर ठरावीक आकाराच्या फाइलींत तुटतो. जुनी सॉफ्टवेअर कार्डाचं फोल्डर बघून ते जोडून घेत. सुट्या फाइल उचलून नव्या टाइमलाइनवर शेजारी-शेजारी ठेवल्या तर जोडावर आवाजात किंचित फट पडते, आणि ती हमखास मंगलाष्टकाच्या मधोमध ऐकू येते. म्हणून कार्ड उतरवताना पूर्ण फोल्डर उतरवायचं. तुकडे आधीच सुटे झाले असतील तर ते क्रमाने बायनरी पद्धतीने जोडून एक एमटीएस करायची. कमांड प्रॉम्प्टमधल्या कॉपीच्या ‘बी’ पर्यायाने ते होतं. एमटीएसला हे चालतं. एमपी-४ ला अजिबात करू नका, फाइल बाद होईल.

आता उमेदवार. डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि कलरसाठी तिला तोड नाही हे मान्य. तिच्यातून ३८४० बाय २१६०, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत आउट (तयार व्हिडिओ) निघतो, वॉटरमार्क येत नाही. पण विंडोजवर फुकट आवृत्ती १० बिट ४:२:२ चं (रंगाची जास्त माहिती साठवणारं) एच.२६४ किंवा एच.२६५ फुटेज घेत नाही. नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर कोणी ‘भारीतलं’ म्हणून ४:२:२ लावून शूट केलं असेल तर नुसती लाल ‘मीडिया ऑफलाइन’ची पाटी दिसते. मग एकतर २९५ डॉलरची स्टुडिओ आवृत्ती घ्या (पैसे एकदाच), नाहीतर सगळं डीएनएक्सएचआर एचक्यूएक्समध्ये फिरवा, नाहीतर कॅमेरामनला ८ बिट ४:२:० वर शूट करायला सांगा. लग्नाला तिसरा पर्याय पुरेसा आहे असं आमचं स्पष्ट मत. रॅम १६ जीबी धरा. ग्राफिक्स कार्डाची मेमरी २ जीबी असेल तर ४के टाइमलाइनवर दोन-तीन नोड (कलरचे टप्पे) लावले की ‘जीपीयू मेमरी फुल’चा संदेश येतो आणि रेंडर (आउट काढणं) थांबतं.

रिझॉल्व्हची एक खोड पहिल्याच दिवशी माहीत हवी. नवं प्रोजेक्ट २४ फ्रेमचं उघडतं, आणि क्लिप एकदा आत आल्या की प्रोजेक्टचा फ्रेमरेट बदलता येत नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. मांडवातल्या एलईडी आणि ट्यूबखाली फ्लिकर नको म्हणून २५ किंवा ५० वर शूट करतात. तेव्हा पहिली क्लिप टाकण्याआधी प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये २५ करा. पहिली क्लिप पाहुण्याच्या मोबाइलची असली की ‘फ्रेमरेट बदलू का’ असं विचारतं, आणि घाईत ‘हो’ दाबलं की सगळं लग्न ३० वर बसतं.

केडेनलाइव्ह फुकट आहे, विंडोजवरही चालतं, आणि जुन्या मशीनवर त्याची प्रॉक्सी पद्धत खरी कामाची आहे. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू केली की मोठ्या क्लिपच्या हलक्या नकला मागे तयार होत राहतात. कटिंग नकलेवर, रेंडर मूळ फाइलवर. तीन कॅमेऱ्यांचं लग्न असेल तर मांडवातल्या स्थिर कॅमेऱ्याचा आवाज ‘रेफरन्स’ ठेवून बाकीच्या क्लिप आवाजावरून जुळवता येतात. ढोल-ताशाच्या भागात ही जुळणी घसरते, कारण सगळीकडे एकच ठेका असतो. भटजींचा आवाज असलेला तुकडा घ्या, लगेच बसते. मोबाइलच्या क्लिपवर केडेनलाइव्ह ‘व्हेरिएबल फ्रेमरेट’ (फ्रेमचा वेग कमी-जास्त होणारा) असल्याची सूचना देऊन बदलून घेऊ का विचारतं. तिथे ‘हो’च म्हणायचं. नाही म्हटलं तर सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, पण दहा मिनिटांनी वक्ता आधी बोलतो आणि ओठ मागून हलतात. इतर सॉफ्टवेअर वापरत असाल तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ लावून क्लिप आधीच सरळ करून घ्या.

शॉटकट याहून साधं. ट्रिम करून, दोन गाणी लावून, शाळेच्या स्नेहसंमेलनाचं काम भराभर हातावेगळं करायला बरं. विंडोज ११ सोबत येणारं क्लिपचॅम्प रीलपुरतं ठीक, तीन तासांच्या लग्नाला नाही.

प्रोसेसर जुना म्हणून लिनक्स टाकणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लिनक्सवर रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती एच.२६४ आणि एच.२६५ वाचत नाही. म्हणजे आपल्या धंद्यातलं जवळपास सगळं फुटेज बाद. लिनक्सवर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट, बस.

मराठी टायटलची परीक्षा मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरला सूट न देता घ्यायची. जुन्या मशीनवर टायटल श्री-लिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात. त्यात संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी किल्ल्यांना मराठी चित्रं चिकटवलेली असतात. फॉन्ट गेला की ‘शुभविवाह’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडवर यायचं तर तिथे अडचण वेगळी: अक्षरजुळणी करणारं इंजिन मराठीला तयार आहे की नाही. आम्ही प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये एकच ओळ टाकून बघतो: ‘चि. ऋतुजा शिर्के, कऱ्हाड, ॲड. क्षीरसागर, ज्येष्ठ’. इंजिन कच्चं असेल तर ‘शि’ची वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसते, ‘र्के’चा रफार क वर न चढता पाय मोडलेला र म्हणून बाजूला उभा राहतो, ‘ज्ये’ फुटतो. ‘कऱ्हाड’ ही सगळ्यात कडक कसोटी. त्यातला आडवा अर्धा र न येता ह वर रफार आला तर समजायचं, फॉन्ट किंवा इंजिन हिंदीच्या हिशेबाने चाललंय. सातारा जिल्ह्यातली पार्टी ही चूक पहिल्या फ्रेमला पकडते. ‘ॲ’च्या जागी चौकोन आला तर दोष नुसता फॉन्टचा, फॉन्ट बदलायचा.

केडेनलाइव्हच्या टायटलरमध्ये ही ओळ नीट उमटते. प्रीमियर प्रोमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स विभागात जाऊन मजकुराचं इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करावं लागतं. तोवर वेलांट्या भटकतात. रिझॉल्व्हमध्ये साधं टेक्स्ट आणि टेक्स्ट-प्लस ही दोन वेगळी साधनं आहेत, दोन्हींत ओळ टाकून बघा आणि दर आवृत्तीला परत बघा. फॉन्टमध्ये तिरो देवनागरी मराठी घ्या. त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. ठसठशीत नावांना मुक्ता किंवा बलू. काहीच जमलं नाही तर इंकस्केप या चित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये १९२० बाय १०८० चं पान घेऊन टायटल करायचं आणि पारदर्शक पीएनजी म्हणून टाइमलाइनवर ठेवायचं. ते कुठेही बिघडत नाही.

इंटरलेस, म्हणजे एक फ्रेम दोन अर्ध्या फील्डमध्ये साठवणाऱ्या, फुटेजकडे हल्ली कोणी बघत नाही, आणि जुनं फुटेज तिथेच मार खातं. लेझीम खेळणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याचे दात दिसले की समजा, १०८०आय५० ची (इंटरलेस) क्लिप प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेमची) म्हणून वाचली जाते आहे. शॉटकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘स्कॅन मोड’ इंटरलेस्ड, वरची फील्ड आधी असं करा. जुन्या डीव्ही टेपच्या फुटेजला मात्र खालची फील्ड आधी. हे उलटं झालं तर प्रत्येक हालचाल एक पाऊल पुढे, अर्धं मागे अशी थरथरते.

टेपांचा विषय निघालाच आहे. मिरजेच्या उरुसातल्या गाण्याच्या मैफली, नाट्यसंस्थांचे जुने प्रयोग, बावधनचं बगाड असं बरंच काही मिनी-डीव्हीवर पडून असतं. टेप मशीनमध्ये उतरवायला लागणारं फायरवायर कार्ड नव्या विंडोजवर रडवतं. त्यासाठी जुनं मशीन, त्यावर लिनक्स आणि टेप उतरवणारं ‘डीव्हीग्रॅब’ हा सरळ रस्ता. टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो, तासाला १३ जीबी. टेप लावण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घ्या, बरीच वर्षं गुंडाळलेली टेप चिकटते. फायरवायरची केबल कॅमेरा चालू असताना लावू-काढू नका. कॅमेऱ्याचं पोर्ट जळू शकतं.

शेवटी आउट. पार्टीला पेनड्राइव्ह हवा असतो आणि तो गावातल्या टीव्हीवर चालला पाहिजे. जुने टीव्ही एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह मागतात, त्यात एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. एच.२६४, हाय प्रोफाइल, लेव्हल ४.१, १०८० ला २५ फ्रेम, ८ मेगाबिट, आवाज एएसी १९२ किलोबिट, असं काढलं तर तासाला ३.७ जीबी होतात. म्हणून विधी, वरात, रिसेप्शन अशा तासाच्या आतल्या फाइली करायच्या. एच.२६५ काढून जागा वाचवायच्या मोहात पडू नका. घरच्या टीव्हीवर नुसतं ‘फॉरमॅट सपोर्टेड नाही’ येतं आणि फोन आपल्याला. डीव्हीडी मागणारे आजी-आजोबा अजून आहेत. रिझॉल्व्हमध्ये डीव्हीडीची सोय नाही. मास्टर फाइल डीव्हीडीस्टायलरमध्ये टाकायची, पाल (आपल्याकडची टीव्हीची पद्धत) निवडायचं आणि ४.७ जीबीच्या चकतीवर दोन तासांपेक्षा जास्त कोंबायचं नाही. त्यापुढे हळदीचा पिवळा रंग ठोकळ्या-ठोकळ्यांनी फुटायला लागतो.